टॉडलर वर्गातला हिवाळा: नाताळ ते संक्रांत, या चुका टाळा

डिसेंबर लागला की बालवर्गाच्या ताईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कापसाचे स्नोमॅन, थर्मोकोलचा बर्फ आणि लाल टोप्या फिरायला लागतात. ते संपतंय तोवर संक्रांत दारात. मधेच गॅदरिंग. चार-पाच वर्षांची मुलं हे सगळं निभावून नेतात. पण नुकतं चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा जो वर्ग असतो, त्याची घडी याच दिवसांत विस्कटते. सकाळची रडारड वाढते, कामाचे ट्रे उपडे होतात, चड्ड्या ओल्या होतात, चावाचावी सुरू होते. मग खापर फुटतं थंडीवर, नाहीतर मुलांवर.

माझ्या मते बहुतेक वेळा घोळ आपल्या मांडणीत असतो. सणाचा दिवस या वयाला कळत नाही. सणाआधीची कामं मात्र मनापासून आवडतात: निवडणं, सोलणं, कुटणं, पुसणं, वाटणं. सण या कामांतून वर्गात आला आणि दिवसाचा क्रम तसाच राहिला, तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत. पुढची उदाहरणं पुण्या-नाशिकच्या हवेतली आहेत. तुमच्याकडे थंडी कमी-जास्त असेल तसं जुळवून घ्या.

पुण्यात बर्फ पाडू नका

कापूस पसरून 'स्नो' म्हणायचं, थर्मोकोलच्या दाण्यांत मुलांचे हात बुडवायचे, पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी टबात भरायचे, हे फोटोत छान दिसतं. मॉंटेसरी पद्धतीत, म्हणजे मुलानं स्वतःच्या हातानं काम करत शिकण्याच्या पद्धतीत, तीन वर्षांच्या आत खऱ्या वस्तू आणि खरे अनुभव यांवर भर असतो. ज्या मुलानं बर्फ पाहिलेला नाही, त्याला कापूस म्हणजे बर्फ सांगून हाती काही लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थर्मोकोलचे दाणे आणि जेलचे मणी तोंडात जातात, नाकात जातात. जेलचा मणी पोटात गेल्यावर फुगत जातो आणि आतडं अडवू शकतो. तो टॉडलर वर्गात नकोच, ताई शेजारी बसलेली असली तरीही.

आपल्याकडे हिवाळा दिसत नाही असं थोडंच आहे? गवतावर दव असतं. देशी बदामाची पानं लाल होऊन गळायला लागतात. ती वेचून टोपलीत आणायची, ओल्या फडक्यानं एकेक पुसायची, हे दोन वर्षांच्या मुलाचं झकास काम आहे. जानेवारी संपता संपता पर्णहीन काटेसावरीला मोठी लाल फुलं येतात आणि टपटप खाली पडतात. तारा‌बाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी, बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या या दोघींनी, पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे, शिंपले यांतूनच शिक्षणाचं साहित्य उभं केलं. ती पायवाट घरचीच असताना प्लॅस्टिकचं पाइन झाड मागवायची घाई कशाला?

न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांचं वेगळं. तिथे बर्फ खरा आहे. परातभर आत आणा, लाकडी चमचा द्या आणि वितळू द्या.

मटार, मेथी, गाजर: हिवाळ्याची खरी शेल्फ

बाजारात मटार स्वस्त झाला की वर्गात मटार सोलण्याचा ट्रे येतोच. यावरच सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात: 'मुलं सोलतच नाहीत', 'सगळं उधळतात', 'दाणे नाकात घालतात'.

सोलत नाहीत, कारण कोवळ्या बोटांना बंद शेंग उघडत नाही. शेंगेचं टोक ताईनं आधी मोडून शिवण किंचित उकलून ठेवायची. दाखवताना हळू दाखवायचं, बोलायचं नाही: शेंग डाव्या हातात, उजव्या अंगठ्यानं शिवणीवर दाब, टक् आवाज, मग अंगठा आतून सरकवत एकेक दाणा वाटीत. मूल तो 'टक्' ऐकायला पुन्हा पुन्हा येतं. बोलत बोलत दाखवलं की त्याची नजर तुमच्या तोंडाकडे जाते, बोटं राहूनच जातात.

उधळतात, कारण ट्रेत पाव किलो शेंगा असतात. पाच शेंगा पुरेत. दाण्यांना एक वाटी, टरफलांना एक ताटली, दोन्ही वेगळ्या रंगांच्या. खाली लहान सतरंजी किंवा मॅट. शेंगा संपल्या की टरफलं घेऊन उठायचं, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची, ट्रे जागेवर ठेवायचा. काम इथे संपतं हे मुलाला दिसायला हवं. ढीग संपतच नसेल तर उधळणं हाच त्याला शेवट वाटतो.

नाकात घालण्यावर उपाय एकच, हा ट्रे उघड्या शेल्फवर ठेवायचा नाही. ताई शेजारी बसली असेल तेव्हाच तो काढायचा, एका वेळी एक मूल, आणि सोललेले दाणे मोजून उचलून न्यायचे. कच्चा मटार गोल, गुळगुळीत आणि टणक असतो. घशात अडकायला नेमका तसलाच. शिजवून, बोटानं चेपून मग खायला द्या. अडीच वर्षांच्या आतल्या मुलांना मी मेथीच देईन. पानं खुडायची, देठ बाजूला ठेवायचे. हातही तितकेच चालतात आणि अडकण्यासारखं काही नाही.

गाजराचंही तेच. उकडलेलं गाजर नागमोडी पात्याच्या कापणीनं कापायला द्या. कच्च्या गाजराच्या चकत्या या वयाला नकोत. संत्र्याचा रस काढणं मात्र निर्धास्त करू द्या. अर्धं संत्रं, काचेचा छोटा रसपिळ्या, लहान पेला आणि सांडलेलं पुसायला स्पंज. नागपुरी संत्री याच दिवसांत भरपूर येतात.

तिळगुळाचं काय चुकतं

कढत पाकाचं भांडं मुलांच्या वर्गात आणायचं नाही, 'फक्त बघायला' म्हणूनही नाही. पाकाशिवाय होणारा लाडू करा. भाजून गार केलेले तीळ ताई आधी भरड करून आणते, मऊ गूळ चिरून आणते. वर्गात मुलं छोट्या खलबत्त्यात मूठभर तीळ कुटतात, परातीत गूळ मळतात, हाताला तूप लावून वळतात. लाडू वाकडे होतील. ते ताईनं पुन्हा वळून गोल करायचे नाहीत. आपण केलेला लाडू दुसऱ्याच्या हातून 'नीट' झालेला मुलाला लगेच ओळखू येतो, आणि पुढच्या वेळी ते हातच लावत नाही.

तीळ आणि शेंगदाणे या दोन्हींची काहींना जोरदार अॅलर्जी असते. एका मुलालाही यांतल्या एकाची अॅलर्जी असेल तर तो जिन्नस वर्गात येऊच नये. 'त्याला देणार नाही' एवढ्यानं भागत नाही, कारण परात, खलबत्ता आणि हात सगळे एकच असतात. डबा भरून येणारी चिक्की आणि हलवा परत घरी पाठवा. हलव्याचा दाणा म्हणजे गोल, कडक साखर. या मुलांच्या मागच्या दाढा अजून येतच असतात. चावायला दात नाहीत आणि गिळायची घाई आहे, अशी ती स्थिती.

आता 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. रांगेत उभं करून म्हणायला लावलं की निम्मी मुलं गप्प, दोघं रडत आणि एकानं हातातला लाडू खाल्लेला. वाढणं हा शिष्टाचाराचा पाठ म्हणून आधीच्या आठवड्यात रिकाम्या ताटलीनं करून घ्या: दोन्ही हातांनी ताटली धरायची, एका माणसासमोर थांबायचं, त्यानं घेईपर्यंत वाट बघायची. शब्द ताईनं म्हणायचे. मुलाला वाटलं तर ते 'घ्या' म्हणेल. सव्वा वर्षाच्या मुलाला दुसऱ्याला द्यावंसं वाटलं नाही आणि त्यानं स्वतःचा लाडू बसून खाल्ला, तरी त्याची संक्रांत झाली.

शाळेत बोरन्हाण घालावं का?

माझं मत: घालू नये. बोरन्हाण हा घरचा सोहळा आहे, आजी-आत्या-मावशीच्या मांडीजवळचा. वीस मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून ओळीनं बसवायचं, वरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चॉकलेटं ओतायची आणि बाकीच्यांनी त्यावर झडप घालायची, यात डोक्यावर अचानक काहीतरी पडल्याची भीती मुलाच्या वाट्याला येते. बोराची बी, हरभरा, तुटलेल्या हारातला हलवा हे सगळं जमिनीवर पसरलेलं असतं. वीस तोंडांवर लक्ष ठेवायला दोन ताया पुऱ्या पडत नाहीत.

पालकांचा फारच आग्रह असेल तर चुरमुरे आणि शेवंतीच्या सुट्या पाकळ्या एवढंच आणा. टोपली मुलासमोर ठेवा आणि त्याला स्वतःच्या हातानं उधळू द्या. नंतर लहान झाडू-सुपलीनं सगळ्यांनी मिळून झाडायचं. बघा, झाडण्यावर जास्त गर्दी होते.

भोगीचा विचार मात्र जरूर करा. गाजर, वांगं, घेवडा, ओला हरभरा अशी सगळी हिवाळी भाजी धुवायला मिळते. बाजरीची भाकरी थापायला छोटा गोळा द्यावा, वर तीळ दाबायला द्यावेत. वर्गासाठी सबंध संक्रांतीतला हा सगळ्यात भरलेला दिवस, आणि आपण तो नेमका वगळतो.

स्वेटर, मोजे आणि ओली चड्डी

सकाळी दहा-बारा अंश, दुपारी तीसच्या आसपास. पालक मुलाला डोक्यावरून घालायचा जाड स्वेटर, कानटोपी, आत थर्मल, वर जाकीट असं बांधून आणतात. अकरा वाजता मूल घामेजून किरकिर करतं आणि आपण म्हणतो झोप आली असेल. पातळ थर दोन, पुढून उघडणारे, मोठ्या चेनचे किंवा मोठ्या बटणांचे, एवढीच सूचना पालकांना द्या. हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांची कानटोपी वर्गात काढून ठेवायची. नाडी कुठेही अडकते, आणि कान झाकलेल्या मुलाला आपण हाक मारत बसतो.

स्वेटर स्वतः घालायला दोन-सव्वादोन वर्षांचं मूल शिकतं. स्वेटर जमिनीवर पाठीवर पसरायचा, उघडी बाजू वर, गळा मुलाच्या पायांकडे. मुलानं खाली वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात उचलून डोक्यावरून मागे टाकायचे. स्वेटर अंगावर. मुलं थक्क होतात, पालक त्याहून जास्त. गळा उलट्या दिशेला ठेवला गेला तर स्वेटर उलटा, खालची कड मानेशी, असा बसतो. ही चूक ताईंकडूनही फार होते, म्हणून गळ्याच्या जागी फरशीवर एक चिकटपट्टी लावून ठेवा. चेनचं खालचं टोक ताईनं जोडायचं, वर ओढायचं मुलानं.

लोकरी मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे, नाहीतर सतरंजीवर अनवाणी.

आणि ओली चड्डी. नोव्हेंबरपर्यंत कोरडं राहणारं मूल जानेवारीत पुन्हा भिजायला लागलं की 'मागे गेलं' असं घाईनं ठरवलं जातं. आधी संडासात जाऊन तिथल्या धुवायच्या पाण्यात हात घालून बघा. गार पाण्यानं धुतल्यावर ज्याला एकदा हुडहुडी भरली ते मूल पुन्हा तिथे जायला राजी नसतं. बादलीत कोमट पाणी ठेवा, कोपरानं तपासा; गीझरचा नळ मुलाच्या हाताला लागणार नाही असा हवा. पँट नाडीची नको, इलॅस्टिकची हवी. थंडीत घाम कमी, म्हणून शूही जास्त वेळा होते. तेव्हा एरवीपेक्षा लवकर आठवण करा. ओलं झालं तर ओरडा नको. कोरडी चड्डी टोपलीत त्याच्या हाताला येईल अशी ठेवा आणि बदलायला त्यालाच घेऊ द्या.

वाहतं नाक

मागून येऊन न सांगता नाक पुसलं की मूल मान झटकतं. कुणीही झटकेल. मुलाच्या उंचीवर आरसा, शेजारी टिश्यूचा डबा, खाली झाकणाची कचरापेटी, एवढा कोपरा केला की हिवाळ्याचं हे सगळ्यात चालणारं काम होतं. आरशात बघायचं, टिश्यू दुमडायचा, एक बाजू, दुसरी बाजू, पुन्हा आरशात बघायचं, टाकायचा, हात धुवायचे. आरसाच सांगतो पुसलं गेलं की नाही. ताईनं 'अजून आहे' म्हणायची गरज नाही. पहिल्या दिवशी डबा अख्खा रिकामा होईल. म्हणून डब्यात सातआठच टिश्यू ठेवत जा.

सांता आणि गॅदरिंग

दाढी लावलेला अनोळखी माणूस मोठ्यानं हसत वर्गात शिरला की दीड वर्षाचं मूल रडतं, यात नवल ते काय? चेहरा झाकलेला, आवाज अनोळखी. नाताळ साजरा करायचाच असेल तर केकला लागणारी केळी कुस्करू द्या, पीठ चाळू द्या, वर्गातल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या कुणा आजीला बोलवून घरच्या कपड्यांत बसवा आणि त्यांच्याबरोबर करंज्यांसारख्या नेवऱ्या भरा. नेवरीच्या कडा काट्यानं दाबणं मुलांना जमतं.

गॅदरिंगला टॉडलर वर्ग स्टेजवर नसावा. झगमगते कपडे, डीजेचा आवाज, समोर अंधार, आणि सरावापायी दोन आठवडे सकाळचं काम बुडालेलं. या वयात क्रमाची ओढ तीव्र असते. रोजची मॅट रोजच्या जागी नसली तरी मूल बिथरतं. पालकांना काहीतरी दाखवायचं असतं, हे खरं. मग एका सकाळी चार-चार पालकांना बोलवा, भिंतीशी कमी उंचीच्या खुर्चीवर बसवा आणि मुलांना नेहमीचं काम करू द्या. फोन बाहेर. आपलं मूल पेला पुसून फडकं वाळत घालतं हे बऱ्याच पालकांनी पाहिलेलंच नसतं.

सुट्टीनंतरचा सोमवार

नाताळच्या सुट्टीत हौसेनं सगळी शेल्फ बदलणं ही या मोसमातली शेवटची चूक. मूल आठ-दहा दिवसांनी परत येतं आणि त्याच्या ओळखीचं काहीच जागेवर नसतं. सुट्टीआधी होती तशीच खोली ठेवा, पहिल्या आठवड्यात नवीन काही दाखवू नका, आणि मेथीचा ट्रे दुसऱ्या आठवड्यात आणा, संत्र्याचा त्यानंतर.