जेट बोट: इंजिन ओरडतं, पण बोट पळत नाही

थ्रॉटल दाबला की आरपीएम झर्रकन वर, बोट मात्र जागेवरच. संथ वेगात सगळं ठीक, जोर दिला की पाणी मागे फेकून बोट ढकलणारा पंप पाणी न धरता नुसताच फिरतोय असं वाटायचं.

आधी स्पार्क प्लग बदलले, जुनं पेट्रोल काढून टाकलं. मग इनटेकच्या, म्हणजे पंप पाणी आत घेतो त्या तोंडाच्या, जाळीत अडकलेलं शेवाळ काढलं. काही उपयोग नाही. अख्खा हंगाम यात गेला, फार जीव जळला.

दोष वेअर रिंगमध्ये होता. इम्पेलर म्हणजे पंपातला फिरणारा पंखा; त्याच्याभोवतीच्या या प्लास्टिकच्या कड्यावर नखाला लागेल इतका खोल चरा होता. उथळ पाण्यात इंजिन चालू केल्यावर ओढलेल्या खड्यांचं काम. फट मोजायच्या फीलर गेजची 1 मिमीची पाती इम्पेलर आणि रिंगच्या मधे सहज गेली. माझ्या पंपाला ही फट 0.3 मिमीच्या आसपास हवी.

बोट ट्रेलरवर घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. स्टिअरिंग आणि रिव्हर्सच्या केबल सोडवल्या, बोल्ट काढून पंप सरळ मागे ओढला. जुनी रिंग करवतीच्या पात्याने दोन जागी कापली; पात्याचा घाव पंपाच्या बाहेरच्या कवचावर जाता कामा नये. नवी रिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती, ती आकसल्यामुळे लाकडाच्या ठोकळ्याने सरळ आत बसली. इम्पेलरच्या कडा तपासल्या, शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावलं, नवा सील टाकून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले.

पहिल्याच फेरीत पंपाने पाणी धरलं आणि बोट पळाली. आता किमान कमरेइतकं पाणी असल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही.