मॉडेल कारचा रंग नेमका कुठे फसतो? या चुका टाळा

प्लास्टिकची मॉडेल कार जोडणं फार अवघड नसतं. निपरने (छोट्या कटरने) भाग कापायचे, कडा घासायच्या, सूचनापत्रिका बघत चिकटवायचं. किट अर्धवट टाकून दिलं जातं ते रंगाच्या टप्प्यावर. बॉडीवर सुरकुत्या येतात, चकाकी जाऊन पांढरट झाक उरते किंवा पॉलिश करताना कडेला खालचं प्लास्टिक डोकावतं. अशा वेळी आपला हातच चांगला नाही असं वाटून लोक छंद सोडतात, आणि ते मला खरंच खटकतं. कारण दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. कुठला रंग कशात विरघळतो हे पाहिलेलं नसतं, नाहीतर दोन थरांमध्ये पुरेसा वेळ दिलेला नसतो.

उदाहरण म्हणून तामिया या जपानी कंपनीची १/२४ स्केलमधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी, १९६६ची फोक्सवॅगन बीटल घेऊ. खरी गाडी चार मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल साधारण १७ सेंटिमीटर. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचा रंग सगळे थर धरून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाड असतो. त्याला २४ने भागा. इतका पातळ रंग स्प्रेने बसतच नाही, म्हणजे मॉडेलवरचा रंग नेहमीच प्रमाणाबाहेर जाड असतो. दारांच्या आणि बॉनेटच्या फटी बुजतात त्या यामुळेच. उपाय रंगाआधी करायचा: स्क्रायबरने (रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने) किंवा जुन्या ब्लेडच्या पाठीने त्या रेषा हलक्या हाताने थोड्या खोल करून घ्या. रंगानंतर हे करायला गेलात तर कडेचे टवके उडतील.

रंगाआधीच्या चुका

बॉडी धुतलेली नसते. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर आणि आपल्या बोटांचं तेल प्लास्टिकवर राहतं, आणि रंग तिथून फाकून माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना मऊ टूथब्रश, एवढं पुरतं. नंतर बॉडीला उघड्या हाताने हात लावू नका.

साच्याच्या जोडाची बारीक रेष बहुतेक बॉडींवर असते, छतावरून किंवा मडगार्डवरून गेलेली. नुसत्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, चकचकीत रंगाखाली मात्र उठून दिसते. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, वर राखाडी प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक पातळ थर द्या आणि दिव्याखाली तिरकं धरून बघा. प्रायमरचा अर्धा उपयोग या तपासणीसाठीच आहे.

किट लाल प्लास्टिकचं असेल आणि गाडी पांढरी किंवा पिवळी करायची असेल, तर लाल रंगद्रव्य वर झिरपून गुलाबी छटा येते. कितीही पांढरे थर दिले तरी ती थांबत नाही. आधी चंदेरी रंगाचा एक थर देऊन लाल रंग अडवा, मग पांढरा प्रायमर.

सुरकुत्या: चुकीच्या रंगावर चुकीचा रंग

सगळ्यात जास्त मॉडेलं इथे वाया जातात. मॉडेलिंगचे रंग मुख्यतः तीन जातींचे: लॅकर, ॲक्रिलिक आणि इनॅमल. लॅकरचं थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, सर्वांत जहाल. इनॅमल वरून कोरडं लागतं, पण आतून पक्कं व्हायला त्याला बरेच दिवस लागतात. अशा इनॅमलवर लॅकर मारलं की जहाल थिनर वरची साय भेदून आत शिरतं, खालचा कच्चा थर फुगतो आणि बघता बघता अख्खं छत सुरकुततं. उलट क्रम चालतो: खाली लॅकर, ते पूर्ण वाळल्यावर वर इनॅमल. दार-बॉनेटच्या फटी उठून दिसाव्यात म्हणून त्यांत भरायचं पॅनल लाइनचं पातळ काळं द्रावण सहसा इनॅमलचं असतं ते याचसाठी. चुकलं तर इनॅमल थिनरने पुसता येतं आणि खालच्या लॅकरला धक्का लागत नाही.

तामियाचेच स्प्रे घेतानाही डब्यावरची अक्षरं वाचा. टीएस मालिका किटच्या प्लास्टिकसाठी, म्हणजे पॉलिस्टायरीनसाठी आहे, पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. पीएसचा रंग किटच्या बॉडीवर मारलात तर प्लास्टिक खराब होईल. हार्डवेअरच्या दुकानातले स्प्रे लोखंडासाठी बनवलेले असतात. त्यांतले काही मॉडेलवर चालतात, काही प्लास्टिकवर बारीक तडे पाडतात. म्हणून त्याच किटच्या रिकाम्या स्प्रूवर (भाग कापल्यावर उरलेल्या चौकटीवर) आधी मारून बघा आणि रात्रभर ठेवा. प्लास्टिकच्या चमच्यावर केलेली चाचणी पुरेशी नाही, चमच्याचं प्लास्टिक वेगळं असू शकतं.

सुरकुत्या आल्याच, तर त्या झाकायला वर आणखी एक थर देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिथेच थांबा. पूर्ण वाळू द्या, मग घासून काढा किंवा सगळा रंग उतरवा.

पावसाळ्यातली पांढरी झाक

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर लॅकर मारणाऱ्यांचे हाल असतात. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते आणि काळ्या-निळ्या रंगावर दुधासारखी झाक येते. रंग वाया गेला असं समजू नका. कोरड्या दिवशी, सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर मिसळलेल्या क्लिअरचा (पारदर्शक रंगाचा) एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या स्प्रेगनने, अगदी हलका फवारा दिला की वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेला ओलावा निघतो आणि झाक बहुधा जाते. एअरब्रश नसेल तर वाट बघा, पाऊस उघडल्यावर मारा. धो-धो पावसात प्रायमर, चाकं, इंजिन, आतल्या सीटा अशी ब्रशची आणि मॅट रंगाची कामं उरकून घ्यावीत. मॅट रंगावर ही झाक फारशी खटकत नाही.

एसीच्या बंद खोलीत हवा कोरडी मिळते म्हणून तिथे स्प्रे मारणारे आहेत. तसं करू नका. वाफ खोलीतच कोंडते. हवा खेळती हवी आणि तोंडावर सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा, कापडी मास्क वाफ अडवत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उलटंच होतं. रंग बॉडीवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. भल्या सकाळी मारा, अंतर थोडं कमी करा. हिवाळ्यात डबा कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवला की फवारा बारीक पडतो. पाणी कोमटच हवं, गरम नको, आणि डबा गॅसवर किंवा उन्हात अजिबात ठेवू नका.

पॉलिशची घाई

संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार पोत आला तर १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) चमकवता येतं. पण रंग पक्का झाला का, हे आधी ओळखा. बॉडी नाकाशी धरा. थिनरचा वास येतोय तोवर हात लावू नका, मग कितीही दिवस झालेले असोत. बीटलसारख्या गोलाकार बॉडीत छताजवळची पन्हळ, मडगार्डच्या कडा आणि बॉनेटमधली उंच रेघ या जागी रंग सर्वांत पातळ बसतो. तिथे मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून ठेवा आणि मधला भाग घासा. पट्टी शेवटी काढून कडांवर नुसतं कापडाने कंपाउंड फिरवा.

काचा आणि टायर

काच फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर बसते आणि ती धुरकट होते. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद वापरा, जास्तीचा ओल्या काडीने पुसता येतो. काच धुरकट झालीच तर बारीक कंपाउंडने घासून बऱ्याचदा स्वच्छ होते.

जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर काचेला किंवा बॉडीला टेकून ठेवू नका. टायरमधला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं झिरपत राहतो आणि पॉलिस्टायरीन खातो. जुनं किट उघडलं की टायर ताबडतोब वेगळ्या पिशवीत टाका.

डिकल आणि बारीक काम

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून बॉडीवर लावायची छापील चित्रं. त्यांच्याखाली चंदेरी डाग दिसतो तो हवेचा असतो. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर डिकल लावलं की हवा अडकते. आधी ग्लॉस क्लिअर, मग डिकल, मग हवं तर मॅट क्लिअर. डाग पडलाच असेल तर सुईने बारीक भोकं पाडून वर डिकल सॉफ्टनरचा थेंब सोडा.

इंजिनच्या वायरिंगमध्ये मात्र जाडीचा हिशोब करा. खऱ्या गाडीची स्पार्क प्लगची वायर ७ ते ८ मिलिमीटर जाड, म्हणजे १/२४ मध्ये सुमारे ०.३. बरेच जण ०.६ची तार घालतात आणि इंजिनात बागेतला पाइप टाकल्यासारखं दिसतं. जाड तार घालण्यापेक्षा वायर न घातलेली बरी, असं माझं ठाम मत आहे. फटींतल्या रेषांचंही तेच. पांढऱ्या गाडीवर शुद्ध काळी रेष कार्टूनसारखी दिसते, तिथे राखाडी वापरा. टायरलाही गडद राखाडी द्या, आणि जमिनीला टेकणारा भाग पेपरवर हलका घासा.

सगळाच रंग उतरवायचा असेल तर

काच, क्रोम आणि डिकलचे भाग काढून बॉडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. ॲक्रिलिक लवकर सुटतं, लॅकरला बहुधा रात्रभर लागतं, आणि पक्कं झालेलं इनॅमल हट्टी असतं. टूथब्रशने फटी साफ करा. एसीटोन किंवा हार्डवेअरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चुकूनही वापरू नका, बॉडीच विरघळेल. बंपरवरचं क्रोम उतरवायला घरचं ब्लीच पुरतं, पण ते दुसऱ्या कुठल्याही रसायनात मिसळू नका. नंतर साबणाने धुवा, दिवसभर वाळू द्या आणि पुन्हा प्रायमरपासून सुरू करा.