उबुंटू टाकलं, तरी लॅपटॉप विंडोजमध्येच जातो: ग्रब दुरुस्तीची वाट

विंडोजसोबत उबुंटू हे लिनक्स टाकलं, इन्स्टॉलेशन एकही एरर न देता पार पडतं, लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि समोर पुन्हा विंडोज. नाहीतर काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ लिहिलेलं. दोन्हीवर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, ग्रब (सुरू होताना उबुंटू किंवा विंडोज उघडून देणारा बूटलोडर) पुन्हा टाका. पहिल्या तक्रारीत बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. ग्रब डिस्कवर शाबूत असतो, फक्त लॅपटॉपच्या फर्मवेअरकडे (बोर्डावरच्या, सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामकडे) त्याची नोंद नसते किंवा ती विंडोजच्या मागे असते. (खाली कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं वापरा.)

सुरुवात बूट मेनूपासून करा, लॅपटॉप सुरू होताच ही की दाबली की तो उघडतो. एचपीवर एफ-९, डेल आणि लेनोव्होवर एफ-१२, असूसवर एस्केप. एसरवर एफ-१२ असतो, पण बऱ्याच मॉडेलांत तो आधी बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये) चालू करावा लागतो. यादीत ‘उबुंटू’ दिसलं आणि निवडल्यावर चालू झालं, तर बिघाड फक्त क्रमाचा आहे. उबुंटूच्या टर्मिनलवर ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर’ चालवा (दुसरा शब्द सलग, मध्ये डॅश नाही). प्रत्येक नोंदीला चार अंकी क्रमांक दिसेल. उबुंटू ०००३ आणि विंडोज ०००० असेल, तर त्याच कमांडला ‘-ओ ०००३,००००’ जोडा. यादीतले बाकीचे क्रमांकही स्वल्पविराम देऊन पुढे लिहा, वगळलेली नोंद क्रमातून बाहेर पडते. काही फर्मवेअर हा क्रम जुमानत नाहीत, तिथे तो बायोसमधूनच बदलावा. एसरच्या अनेक मॉडेलांवर त्याआधी सुपरवायझर पासवर्ड ठेवून उबुंटूच्या फोल्डरमधली ‘शिमएक्स६४’ ही ग्रबला सुरू करून देणारी फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडावी लागते.

यादीत उबुंटू नसेलच, तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बूट मेनूत पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, त्यातली ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेली नोंद घ्या. चालू झाल्यावर ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही जुन्या लेगसी मोडमध्ये आहात, काहीही न करता रीस्टार्ट करा. तसंच पुढे रेटलं, तर ग्रब ‘बायोस बूट पार्टिशन नाही’ अशी तक्रार करतो, आणि माणूस बिचारा १ एमबीचं पार्टिशन करून त्याचं समाधान करतो. मग विंडोज यूईएफआयमध्ये, लिनक्स लेगसीत, आणि दर वेळी बायोसमध्ये जाऊन खटका फिरवायचा.

लाइव्हमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर असण्याची शक्यता मोठी. ते ‘एएचसीआय’ करायचं, पण थेट नाही, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट टॅबवर सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग ती खूण काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, ती विचारली जाईलच.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशनं पाहा. ‘व्हीफॅट’ असलेलं छोटं, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीचं, ते ईएफआय पार्टिशन. ते फॉरमॅट करू नका, विंडोजचा बूटलोडरही तिथेच राहतो. ‘ईएक्सटी४’ असलेलं ते उबुंटू. आधी उबुंटूचं पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करा (म्हणजे त्या फोल्डरला जोडा), त्यानंतर ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. क्रम उलटा नको. मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ ही चारही फोल्डरं ‘माउंट --आरबाइंड’ने आत जोडा. साधा ‘--बाइंड’ वापरला तर ‘सिस’च्या पोटातलं ‘ईएफआयव्हार्स’ सोबत येत नाही आणि ग्रबला फर्मवेअरमध्ये नोंद करता येत नाही. शेवटी ‘सीएचरूट /एमएनटी’ (याने टर्मिनल डिस्कवरच्या उबुंटूच्या आत जातं), मग ‘ग्रब-इन्स्टॉल’, मग ‘अपडेट-ग्रब’. यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलला डिस्कचं नाव द्यायची गरज नाही.

इथे येणारे एरर ओळखीचे आहेत. ‘कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी’ म्हणजे ईएफआय पार्टिशन माउंट झालेलं नाही. ‘कॅनॉनिकल पाथ’ आणि ‘काऊ’ किंवा ‘ओव्हरले’ दिसलं, तर तुम्ही सीएचरूटच्या बाहेर आहात. ‘नो स्पेस लेफ्ट’चे अर्थ दोन. ‘डीएफ -एच’मध्ये ईएफआय पार्टिशन भरलेलं दिसलं तर तिथली जुनी फोल्डरं आवरा. तिथे जागा असेल तर फर्मवेअरची स्वतःची मेमरी भरली आहे, बहुतेकदा कर्नल क्रॅशच्या नोंदींनी. ‘ईएफआयव्हार्स’मधल्या ‘डम्प-’ने सुरू होणाऱ्या फाइलीच तेवढ्या काढा. बाकी कशालाही हात लावू नका, काही लॅपटॉप त्यामुळे कायमचे बंद पडलेले आहेत.

पडद्यावर ‘ग्रब>’ असं प्रॉम्प्ट येत असेल, तर ईएफआय पार्टिशनवरच्या उबुंटू फोल्डरमधली ‘ग्रब.सीएफजी’ उघडून बघा. ती जेमतेम तीन ओळींची असते आणि पहिल्या ओळीत उबुंटूच्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) असतो. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की यूयूआयडी बदलतो, ही ओळ मात्र जुनीच राहते. तात्पुरतं आत शिरायला प्रॉम्प्टवर ‘एलएस’ द्या, ‘एलएस (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब’ असं एकेक पार्टिशन तपासा आणि सापडल्यावर ‘कॉन्फिगफाइल’ लिहून तिथल्या ‘ग्रब.सीएफजी’चा पूर्ण पत्ता द्या. ‘ग्रब रेस्क्यू>’ असेल तर ही कमांड चालत नाही. तिथे ‘सेट रूट’ने तेच पार्टिशन आणि ‘सेट प्रीफिक्स’ने त्यावरचं ‘/बूट/ग्रब’ फोल्डर सांगून ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’ द्यावं लागतं. उबुंटू उघडल्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवायचंच, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

ग्रबच्या मेनूत विंडोज नसणं हा बिघाड नव्हे. २०२१च्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला (बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं मोठ्या रोमन अक्षरांत, नंतरचं लहान), ‘ओएस-प्रोबर’ पॅकेज असल्याची खात्री करा आणि अपडेट-ग्रब चालवा.

विंडोज अपडेटनंतर ‘एसबीएटी’ (जुने, धोकादायक बूटलोडर अडवणारी व्यवस्था) शब्द असलेला एरर देऊन मशीन बंद होत असेल, तर ते ऑगस्ट २०२४पासून अनेकांना भोवलेलं प्रकरण आहे आणि त्यावर ग्रब पुन्हा टाकणं हा उतारा नाही. सिक्युअर बूट (सही नसलेले बूटलोडर अडवणारी बायोसमधली सोय) तात्पुरतं बंद करा, उबुंटूत ‘सुडो मोकुटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट’ द्या, एकदा उबुंटूतच रीस्टार्ट करा, शिमचं पॅकेज अपडेट करून घ्या आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

उबुंटूऐवजी फेडोरा हे लिनक्स वापरणाऱ्यांनी वरची ग्रब-इन्स्टॉलची पायरी सोडून द्यावी. यूईएफआयवर ती सही नसलेली फाइल तयार करते आणि सिक्युअर बूट ती नाकारतं. तिथे सीएचरूटमध्ये ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं पुन्हा बसवावीत.