ऑप्टिकल इमेज एन्क्रिप्शनचा प्रोजेक्ट: लेसर लावण्याआधी

नागपुरात एम.एससी. फिजिक्सला किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला हा विषय, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने चित्र कुलूपबंद करणं, घेतला असेल, तर सामानाची यादी करण्याआधी सगळं पायथनमध्ये चालवून बघा.

मूळ पद्धत रेफ्रेजिए आणि जाविदी यांची, 1995 ची: डबल रँडम फेज एन्कोडिंग. 256×256 चं ग्रेस्केल चित्र घ्या. त्याच आकाराचे दोन मास्क (आकड्यांच्या जाळ्या) बनवा, प्रत्येक पिक्सेलला 0 ते 2π मधली रँडम फेज φ (लहरीचा टप्पा), e^(iφ) या रूपात. चित्राला पहिल्या मास्कने गुणा, फूरिए ट्रान्सफॉर्म (फ्रिक्वेन्सींत फोड) करा, दुसऱ्याने गुणा, उलटा ट्रान्सफॉर्म करा. उरतो तो निव्वळ गोंगाट. उलगडताना फूरिए ट्रान्सफॉर्म, दुसऱ्या मास्कच्या कॉन्ज्युगेटने (फेजचं चिन्ह उलटं) गुणाकार, उलटा ट्रान्सफॉर्म आणि मॅग्निट्यूड. इथे पहिला मास्क लागतच नाही. मग तो कशाला, हा व्हायव्हातला प्रश्न. तो नसेल तर बहुतेक ऊर्जा स्पेक्ट्रमच्या मध्याजवळ गोळा होते आणि दुसऱ्या मास्कचा मोठा भाग बिनकामाचा राहतो.

गोंगाट पीएनजीत साठवला की फेज गेली, चित्र परत येत नाही. कॉम्प्लेक्स ॲरे जशीच्या तशी ठेवा.

पद्धत रेषीय आहे (चित्रांच्या बेरजेचा निकाल म्हणजे निकालांची बेरीज), हेच तिचं दुखणं. फक्त पहिला पिक्सेल पांढरा असलेलं चित्र एन्क्रिप्ट करा आणि निकालाचा फूरिए ट्रान्सफॉर्म घ्या: एका स्थिर फेजचा फरक सोडला तर दुसरा मास्क समोर! रिपोर्टमध्ये ‘अभेद्य’ लिहायचा मोह होत असेल, तर आधी हे करून बघा.

आता टेबलावरची प्रत्यक्ष मांडणी. हीलियम-निऑन लेसर (632.8 नॅनोमीटर), 8 मायक्रॉन पिक्सेलचे दोन एसएलएम (प्रकाशाची फेज किंवा तीव्रता पिक्सेलगणिक बदलणारे पडदे; 1024×1024 पिक्सेल वापरात) आणि 4एफ मांडणी (दोन लेन्स, एकूण अंतर चार फोकल लेंग्थ). दोन्ही एसएलएमचे पिक्सेल जुळायला फोकल लेंग्थ सुमारे 104 मिलिमीटर हवी. 200 ची लेन्स लावली तर फूरिए प्रतलातला पिक्सेल साधारण 15 मायक्रॉनचा होतो. मास्क एका पिक्सेलने सरकला तरी चित्र हरवतं.

कॅमेरा फक्त तीव्रता टिपतो, म्हणून फेजसाठी संदर्भ किरण आणि चार फ्रेम: 0, π/2, π, 3π/2. पिएझोवरचा (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबी बदलणाऱ्या स्फटिकावरचा) आरसा, किरण सरळ आदळत असेल तर, दर वेळी 79 नॅनोमीटर हलवायचा. मे महिन्यात खिडकीतला कुलर चालू ठेवून हे जमणार नाही: थरथर टेबलापर्यंत येते, हवेच्या झोताने फ्रेमागणिक फेज बदलते. फ्रेम घेताना कुलर बंद, आणि किरणांच्या वाटेवर पुठ्ठ्याची पेटी.