चढासाठी हलके गिअर: फ्रीहब बॉडी कधी बदलायची, कशी बदलायची

चढावर सगळ्यात हलका गिअरही जड पडू लागला की आधी मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आठवते, आणि ती दुसऱ्या कंपनीची असली तर ओघानंच फ्रीहब बॉडी (चाकाच्या मधल्या हबवरचा, कॅसेट ज्यावर सरकवतात तो फिरता भाग) बदलायचा विषय निघतो. मात्र बॉडीमुळे एवढंच ठरतं की कॅसेट चाकावर बसेल की नाही. गिअर नीट पडणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं: शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) एका क्लिकला किती केबल ओढतो, तेवढ्या केबलवर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती सरकतो आणि कॅसेटच्या दोन चकत्यांत अंतर किती आहे. म्हणून खरेदीचा हिशेब शिफ्टरपासून सुरू करा, बॉडीपर्यंत शेवटी या.

आधी बॉडी न बदलता काय जमतं ते बघा. शिमानोची ११ स्पीड (म्हणजे ११ चकत्यांची) ११-३४ कॅसेट (एचजी ८००; लहान चकती ११ दात्यांची, मोठी ३४ ची) जुन्या ८/९/१० स्पीडच्या एचजी बॉडीवर, म्हणजे शिमानोच्या नेहमीच्या खाचांच्या बॉडीवर, थेट बसते. ११ स्पीडच्या रोड बॉडीवर तिच्यामागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) लागतो, कारण ती बॉडी तेवढी जास्त लांब असते. स्रॅमची एनएक्स ईगल ११-५० ही १२ स्पीड कॅसेटही साध्या एचजी बॉडीवर बसते. शिमानोच्या १० स्पीड रोड शिफ्टरबरोबर (टियाग्रा ४७०० सोडून) ९ स्पीडचा माउंटन डिरेलर उत्तम चालतो आणि मागे ११-३६ घालता येते. या सगळ्यात हबला हातही लावावा लागत नाही.

मग बॉडी बदलायची कधी? मुख्यतः १० दाती चकती हवी असेल तेव्हा. एचजी बॉडीच्या जाडीमुळे तिच्यावर ११ पेक्षा लहान चकती सहसा बसत नाही. स्रॅमच्या एक्सडी, एक्सडीआर आणि शिमानोची मायक्रो स्प्लाइन या बॉडींवर १० दाती बसते. चढाच्या गिअरशी सगळ्यात लहान चकतीचा काय संबंध, असं वाटेल. पण खरा फायदा तिथेच आहे. पुढे ४० दाती चेनरिंग (पेडलजवळची चकती) आणि मागे ११-४२ असेल तर वरचा गिअर (पुढचे दाते भागिले मागचे) ३.६४ आणि खालचा ०.९५. मागे १०-४२ घेतली तर पुढे ३६ चालते: वरचा गिअर ३.६०, म्हणजे जवळजवळ तोच, आणि खालचा ०.८६. उतारावरचा वेग न गमावता चढाचा गिअर दहा टक्के हलका होतो.

दुसरं कारण म्हणजे चाकावर कॅम्पॅग्नोलोची बॉडी असणं. ११ स्पीडमध्ये कॅम्पॅग्नोलो आणि शिमानोच्या चकत्यांमधलं अंतर इतकं जवळचं आहे की कॅम्पॅग्नोलोचे शिफ्टर आणि डिरेलर तसेच ठेवून एचजी बॉडीवर शिमानोची कॅसेट लावली तरी गिअर व्यवस्थित पडतात. तिसरा मार्ग स्रॅमच्या एएक्सएस वायरलेस शिफ्टरवाल्यांचा: ईगल एएक्सएस डिरेलर आणि १०-५० किंवा १०-५२ कॅसेट. इथे केबलच नाही, त्यामुळे ओढीचा प्रश्न मिटतो. पुढे मात्र एकच चेनरिंग ठेवावी लागते आणि चेन ईगलची लागते. रोडच्या फ्लॅटटॉप चेनचे रोलर मोठे असतात, ती ईगल कॅसेटवर चालवू नका.

न जमणारी जोडीही सांगायला हवी. शिमानोचे ११ स्पीड रोड शिफ्टर आणि ११ स्पीड माउंटन डिरेलर यांची केबलची ओढ वेगळी आहे. आकडा ११ असला तरी मध्ये ओढ बदलणारी पुली बसवल्याशिवाय गिअर जुळत नाहीत. त्यापेक्षा जीआरएक्स आरएक्स ८१२ डिरेलर घ्या. तो रोड शिफ्टरशी जुळतो आणि ४२ दात्यांपर्यंत जातो, तोही पुढे एकच चेनरिंग असेल तर.

बॉडी मागवताना कंपनीचं नाव पुरत नाही, हबचं नेमकं मॉडेल लागतं. एक्सडीआर ही एक्सडीपेक्षा १.८५ मिमी लांब असते. ११ स्पीड रोड बॉडीच्या जागी एक्सडीआर येते आणि माउंटन हबवर एक्सडी. एक्सडीआरवर एक्सडीची कॅसेट बसवायची तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर टाका. शिमानोच्या गोळ्या-कोनवाल्या (सुट्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या) हबवर दुसऱ्या कंपनीची बॉडी सहसा मिळत नाही. तिथे चाकच बदलावं लागतं.

आता प्रत्यक्ष काम. चेन व्हिप (चकती धरून ठेवणारं चेनचं हत्यार) आणि लॉकरिंग (कॅसेट जागेवर आवळणारी आट्यांची कडी) टूलनं कॅसेट उतरवा. ॲल्युमिनियमच्या एचजी बॉडीवर सुट्या चकत्या खाचा पाडून रुततात. त्या हातोडीनं ठोकू नका. चेन व्हिपनं उलट्या फिरवल्या की सुटतात. डाव्या-उजव्या एंड कॅप (हबच्या टोकांच्या टोप्या) काही हबवर हातानं ओढून निघतात, काहींवर ॲलन की लागते. बॉडी ओढण्याआधी खाली कापड पसरा, कारण पॉलच्या (बॉडीला एकाच दिशेनं धरणाऱ्या छोट्या खटक्यांच्या) स्प्रिंगा उडतात. सुटे भाग कोणत्या क्रमानं आणि कोणत्या तोंडानं बसले होते याचा फोटो काढून ठेवा.

आतलं जुनं ग्रीस कापडानं पुसा. बेअरिंगवर डिग्रीझर फवारू नका. नवं ग्रीस लावताना हात आखडता ठेवा. रॅचेट (पॉलऐवजी दातेरी कड्यांच्या) हबला कंपनीनं सांगितलेलं ग्रीस आणि पॉलना पातळ थर पुरे. जाड ग्रीसमध्ये पॉल चिकटून बसतात, विशेषतः थंडीत. मग उभं राहून पेडल मारताना बॉडी एकदम सटकते आणि सायकलस्वार हँडलवर आदळतो. या कामातली सगळ्यात धोकादायक चूक हीच आहे.

पॉल एकदम आत जात नसतील तर त्यांच्याभोवती दोरा गुंडाळून दाबून धरा, बॉडी तोंडाशी बसवा, दोरा ओढून काढा आणि घड्याळाच्या उलट फिरवत आत ढकला. सीलची कड दुमडली नाही ना, हे सगळीकडून बघा. एंड कॅप नव्या बॉडीबरोबर आलेलीच लावा. डीटी स्विससारख्या हबवर एचजी आणि एक्सडीच्या कॅप वेगळ्या असतात.

कॅसेट लावताना एक्सडीच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ४० न्यूटन-मीटरला घट्ट करा. एचजीच्या लॉकरिंगलाही तेवढंच. लॉकरिंग पूर्ण आवळूनही चकत्या हलत असतील तर स्पेसर राहिला आहे. लॉकरिंगचे जेमतेम एक-दोन आटेच धरत असतील तर स्पेसर जास्त झाला आहे.

चाक फ्रेममध्ये बसवून ॲक्सल आवळा आणि पेडल उलटं फिरवा. ॲक्सल सैल असताना बॉडी मोकळी फिरते पण आवळल्यावर अडते, आणि पेडल थांबवताच वरची चेन झोळ खाते, तर कॅप चुकीची आहे किंवा बॉडीच्या दोन बेअरिंगमधली नळी राहिली आहे. हे चालवून सैल होईल अशी आशा धरू नका, पुन्हा उघडा.

शेवटी डिरेलर. कॅसेटची जागा मिलिमीटरभर जरी सरकली तरी दोन्ही लिमिट स्क्रू (डिरेलर आत-बाहेर कुठवर जाईल ते ठरवणारे) नव्यानं लावावे लागतात. मोठ्या चकतीवर असताना डिरेलर हातानं आत ढकलून बघा. तो स्पोकला लागता कामा नये. बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा) फिरवून वरची जॉकी पुली (डिरेलरमधलं छोटं दातेरी चाक) आणि मोठी चकती यांत शिमानो रोडला ५-६ मिमी अंतर ठेवा, ईगलला तिचा मापक वापरा. चेनची लांबी मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या चकतीवर, डिरेलरमधून न नेता मोजा आणि दोन दुवे जास्त ठेवा. चेन आखूड राहिली तर मोठ्या-मोठ्या जोडीवर जाताच डिरेलर ओढला जाऊन हँगरसकट (तो फ्रेमला ज्यावर लटकतो त्या तुकड्यासकट) तुटतो. म्हणून ती जोडी आधी स्टँडवर हातानं फिरवून बघा, रस्त्यावर नंतर.