गाडी खाली घेण्याआधी वाळूची पोती भरून बघा

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंग, बसवल्यावर सोसायटीच्या गतिरोधकालाच गाडीचं पोट घासतंय असं कळलं, तर पैसे आणि मजुरी दोन्ही पाण्यात. म्हणून खरेदीआधी गाडी फुकटात खाली बसवून बघा.

१. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकांची मापं लिहून ठेवा.

२. पुढे दोघं बसवा, मागची सीट आणि डिकीत वाळूची पोती टाका. मागचं माप ३० मिमी कमी झालं, म्हणजे ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगइतकी गाडी बसली, की थांबा. मॅन्युअलमधली वजनमर्यादा मात्र ओलांडायची नाही.

३. बंपरच्या खालच्या कडेला आणि सायलेन्सरच्या पाइपाला ओला खडू फासा. वाळला की रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक आणि पार्किंगचा उतार सावकाश पार करा. खडू जिथे पुसला, तिथे गाडी घासली.

पुढची बाजू मागच्याइतकी दबत नाही, तेवढा फरक हिशेबात धरा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) १६३ मिमी. त्यातले ३० गेले की १३३ उरतात, आणि आपल्याकडच्या गतिरोधकांना ते कमीच आहेत. मी तरी गाडी २५ मिमीपेक्षा जास्त खाली घेणार नाही.

स्प्रिंग बसवल्यावर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर त्यातले रबरी बुश (सांध्यातली रबरं) पिळून लवकर फाटतात. मग व्हील अलाइनमेंट.

पैसे वाचवायला मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापून घेऊ नका, तापवून दाबून आखूड तर करूच नका. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक लटकलं की जागेवरून सुटू शकते.