घरच्या सोलरचा हिशोब कसा ठेवायचा: युनिट, बिल आणि वसुली

गच्चीवर पॅनल लागले, नेट मीटर (आलेली आणि गेलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) बसलं, पहिलं बिल अगदी किरकोळ आलं की बहुतेक घरांत सोलरचा विषय तिथेच संपतो. पण बिल कमी आलं म्हणजे सिस्टिम नीट चाललीय असं होत नाही. जनरेशन वीस टक्क्यांनी घटलं तरी बिल आधीपेक्षा कमीच दिसणार, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही आणि तोवर उन्हाळ्याचे चांगले महिने वाया गेलेले असतात. म्हणून महिन्यातून एकदा दहा मिनिटं काढून एका शीटमध्ये तीन आकडे लिहा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मी महावितरणच्या बिलाच्या हिशोबाने सांगतोय, मुंबईत दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर बिलाची मांडणी वेगळी दिसेल पण पद्धत हीच.

तीन आकडे म्हणजे जनरेशन (पॅनलने बनवलेली वीज), इम्पोर्ट (कंपनीकडून घरात आलेली) आणि एक्सपोर्ट (घरातून बाहेर गेलेली). जनरेशन इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या डब्यावर दिसतं (वेगळं जनरेशन मीटर असेल तर तिथून घ्या, ते जास्त भरवशाचं), बाकीचे दोन नेट मीटरवर. मीटरच्या डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने फिरत राहतात, त्यात केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) इम्पोर्ट आणि केडब्ल्यूएच एक्सपोर्ट कुठले ते एकदा शोधून ठेवा, काही मीटरवर नाव न दिसता १.८.० आणि २.८.० असे कोड दिसतात, पहिला इम्पोर्टचा आणि दुसरा एक्सपोर्टचा. मोबाईलने फोटो काढून ठेवा, पुढे बिलात एक्सपोर्ट कमी लागला किंवा लागलाच नाही तर तारखेसकटचा हा फोटोच कामाला येतो.

रीडिंग शक्यतो ज्या तारखेला बिलाचं रीडिंग होतं त्याच दिवशी घ्या, तिन्ही एकाच वेळी. आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधली महिन्याची बेरीज लिहू नका, एकूण जनरेशनचा म्हणजे ई-टोटलचा आकडा लिहा. शाइनफोन, सोलिसक्लाउड, आयसोलारक्लाउड यातलं कुठलंही ॲप असो, घरचं वायफाय बंद पडलं किंवा राऊटरचा पासवर्ड बदलला की डेटा जायचा थांबतो आणि मग ॲपमधल्या दिवसवार आकड्यांत खड्डे पडू शकतात, पण इन्व्हर्टरच्या आतला एकूण आकडा वाढतच असतो. या महिन्याच्या ई-टोटलमधून मागच्या महिन्याचा वजा केला की झालं.

आता गणित. बऱ्याच लोकांना वाटतं की एक्सपोर्ट म्हणजेच सोलरने बनवलेली वीज. तसं नाहीये. दिवसा घरात फ्रिज, पंखे, पंप चालू असतो, तेवढी वीज आधी घरातच वापरली जाते, उरलेली मीटरमधून बाहेर जाते. समजा महिन्यात जनरेशन ३६० युनिट, एक्सपोर्ट २४० आणि इम्पोर्ट १९०. म्हणजे सोलरची थेट घरात वापरलेली वीज ३६० वजा २४० = १२० युनिट, आणि घराचा खरा एकूण वापर १२० अधिक १९० = ३१० युनिट. बिलात मात्र १९० वजा २४०, म्हणजे ५० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा. ३१० हा आकडा बिलावर कुठेच दिसत नाही आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याचा पुढे उपयोग करायचाय.

सिस्टिमची तब्येत बघायला जनरेशनला पॅनलच्या किलोवॅटने आणि दिवसांनी भागा. किलोवॅट इन्व्हर्टरचे धरू नका, पॅनलचे धरा, म्हणजे ५४० वॅटचे ६ पॅनल असतील तर ३.२४. महाराष्ट्रात ढोबळमानाने वर्षाची सरासरी एका किलोवॅटला रोज ४ युनिटच्या आसपास येते, मार्च ते मे साडेचार-पावणेपाचपर्यंत जाते, जुलै-ऑगस्टमध्ये अडीच-तीनवर येते आणि कोकणात, घाटमाथ्यावर त्याहून खाली. त्यामुळे जुलैचा आकडा मेशी लावून घाबरायचं कारण नाही, तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. पहिलंच वर्ष असेल तर पीव्हीजीआयएस नावाची युरोपियन कमिशनची फुकट वेबसाइट आहे, तिथे नकाशावर तुमचं गाव, पॅनलचा कोन आणि दिशा टाकली की महिन्यावार अंदाज मिळतो. पॅनल जुने होतात तसं जनरेशन वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरतं, पाऊसपाण्यामुळे पाच-सात टक्के इकडेतिकडे होतं, त्याहून जास्त घट सलग दोन महिने दिसली तर मात्र शोध घ्यायचा.

शोध घ्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ॲपमधला दिवसाचा ग्राफ, आणि माझ्या मते लोक या ग्राफकडे फारच कमी बघतात. स्वच्छ उन्हाच्या दिवसाचा ग्राफ डोंगरासारखा गुळगुळीत हवा. रोज ठराविक वेळी त्याचा लचका तुटल्यासारखा दिसत असेल तर सावली आहे, पाण्याची टाकी, शेजारचं नवीन बांधकाम, वाढलेला नारळ. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली असतो म्हणून सावल्या लांब पडतात, एप्रिलमध्ये साइट बघून गेलेल्या व्हेंडरला त्या दिसलेल्याच नसतात. वरचा शेंडा कापल्यासारखा सपाट असेल तर इन्व्हर्टर त्याच्या क्षमतेला टेकलाय, थोडा वेळ असेल तर काळजी नको. आणि भर दुपारी ग्राफ एकदम शून्यावर येऊन परत वर जात असेल, करवतीच्या दात्यांसारखा, तर दोन शक्यता. एक, त्या वेळी लाइट गेली होती. बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडलेली सिस्टिम लाइट गेली की बंद होते, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. दुसरी शक्यता, ग्रिडचं व्होल्टेज जास्त झालं. आपल्याकडे २३० व्होल्ट धरलेले असतात, ते २५३ किंवा जी लिमिट सेट असेल तिच्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच घरांचं सोलर झालं की दुपारी हा त्रास वाढतो. एरर लिस्टमध्ये ग्रिड ओव्हर व्होल्टेज असं काही दिसलं तर वेळ आणि व्होल्टेजचे स्क्रीनशॉट काढून वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला लेखी तक्रार द्या, ट्रान्सफॉर्मरचं टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बदलून हे कमी होऊ शकतं. त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टर ते मीटर केबलची जाडी तपासा, लांब आणि बारीक केबलमुळेही इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढतं.

मे महिन्यात कडक ऊन असून ३.२४ किलोवॅटचे पॅनल अडीचच किलोवॅट देतात म्हणून बरेच जण व्हेंडरला फोन करतात. पॅनलचं रेटिंग २५ अंश सेल्सिअसला असतं, उन्हाळ्यात काचेखाली ६५ अंश सहज होतात, आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के पॉवर घटते, म्हणजे नुसत्या उष्णतेने १४ टक्के गेले, वर धूळ आणि वायरिंगचा तोटा. हे नॉर्मल आहे.

धुण्याचा खर्च परवडतो का हे पण मोजता येतं. स्वच्छ उन्हाचा एक दिवस धुण्याआधीचा आणि एक नंतरचा घ्या, फरक बघा, मग तुम्हीच ठरवा. पुण्याच्या बांधकामांजवळ किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुणं वसूल होईल, कोकणात पावसात धुवायची गरजच नाही. धुवायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्या नाहीतर क्षारांचे डाग बसतात. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसली की लगेच काढा, सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एका जागचा जाड डाग सगळीकडच्या पातळ धुळीपेक्षा जास्त नुकसान करतो.

आता पैसे. "जनरेशन गुणिले दहा रुपये" असा हिशोब करू नका. वीज स्लॅबमध्ये असते, ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि पुढे, आणि सोलरमुळे वाचणारे युनिट वरच्या महाग स्लॅबमधून आधी वाचतात. वरच्या उदाहरणात सोलरने १५० युनिटच भागवले असते तर त्यातले १० तिसऱ्या स्लॅबचे आणि १४० दुसऱ्या स्लॅबचे धरायचे. म्हणून बरोबर पद्धत अशी की ३१० युनिटचं बिल सोलर नसतं तर किती आलं असतं ते काढा, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि त्यातून आलेलं बिल वजा करा. स्थिर आकार दोन्हीकडे असतो, तो सोलरने जात नाही. दर दरवेळी चालू बिलावरूनच घ्या, ते बदलत राहतात.

इथे एक प्रामाणिकपणा ठेवावा लागतो. सोलर आलं की घरात दुसरा एसी येतो, गीझर जास्त वेळ चालतो. आधी वापर २२० होता आणि आता ३१० असेल तर वाचलेले पैसे २२० युनिटच्या बिलावर मोजा, वरचे ९० युनिट ही सोय आहे, बचत नाही. त्यासाठी सोलरच्या आधीची बारा महिन्यांची बिलं जपून ठेवा.

खर्चाच्या बाजूला सगळं लिहा. समजा सिस्टिम १ लाख ९० हजारांची, पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या योजनेची ३ किलोवॅटची सबसिडी ७८ हजार, म्हणजे खिशातून १ लाख १२ हजार. वर्षाला खरी बचत ३० हजार असेल तर पावणेचार वर्षांत वसूल. कर्ज काढलं असेल तर व्याज मिळवा, पॅनल धुणारा येत असेल तर त्याचे पैसे, उंच स्ट्रक्चर नंतर केलं असेल तर ते पण. पॅनलला परफॉर्मन्स वॉरंटी (ठरलेल्या प्रमाणात वीज देत राहण्याची हमी) साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्यापेक्षा खूप कमी, म्हणून मधे एकदा इन्व्हर्टर बदलायचा खर्च येणार असं धरूनच चाला.

दिवसा वॉशिंग मशीन लावा म्हणजे फायदा होतो, असा सल्ला सगळीकडे दिसतो. तो जिथे एक्सपोर्टला कमी दर मिळतो अशा देशांतला आहे. आपल्याकडे साध्या घरगुती नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वळतं होतं, त्यामुळे मशीन रात्री लावलं तरी बिलात फरक पडत नाही. वेळेनुसार दर असलेलं, म्हणजे टीओडी बिलिंग लागू असेल तर गणित वेगळं, तिथे कुठल्या स्लॉटमध्ये किती युनिट गेले-आले ते पण शीटमध्ये लिहा.

जमा युनिटवर मात्र लक्ष हवं. ते महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की उरलेले युनिट कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते आणि तो दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. फेब्रुवारीतच शीटमध्ये बघा, दोनशे-तीनशे युनिट पडून असतील तर मार्चमध्ये एसी, गीझर, इंडक्शन बिनधास्त वापरा. आणि एप्रिलनंतरच्या बिलात उरलेल्या युनिटचे पैसे जमा झालेत का ते स्वतः तपासा, दिसले नाहीत तर मार्चच्या मीटर रीडिंगचा फोटो घेऊन ऑफिसला जा.